तहकूब

अमागेर बेटावरच्या चार मजली इमारतीची वार्षिक सभा
तळघरात भरते, कपडे धुण्याच्या यंत्रांपाशी.
सिड्सेल ओव्हरगोर डोकी मोजते.
घरं बावीस. आलेत सात जण
आणि एक कुत्रा, ज्याला मत नाही.
गणसंख्या भरत नाही.
छपराचा खर्च, सायकलींची जागा,
लाउर्सेनबुवांचा दरवर्षीचा भांडकुदळ ठराव,
सगळं जिथल्या तिथं.
कुणाला कुणी घराबाहेर काढलं नाही.
फक्त हात वर झाले नाहीत.

दिवसा ती दुसऱ्या एका सभेवर नजर ठेवते,
कोपनहेगनच्या रुग्णालयात, सहाव्या मजल्यावर, काचेच्या बशीत.
एकटादुकटा असताना हा जिवाणू गरीब.
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
पण बोलत असतो सतत.
एक इवला रेणू बाहेर सोडतो:
मी आहे. तू आहेस का? अजून कोण कोण?
कुजबुज दाटत जाते
आणि ठरलेल्या आकड्याला
ठराव मंजूर.
मग हिरवा रंग, द्राक्षं नासल्याचा गोडूस वास,
मग चिकट भिंती, तटबंदी,
मग विष.

इतकी वर्षं आपण एकच करत आलो,
सभागृह पेटवत आलो.
बरेच मेले. दाराशी होते ते निसटले
आणि मोकळ्या जागेत त्यांनी ऐसपैस संसार थाटला.
औषधांची नावं लांबत गेली,
शिरेतून जाणाऱ्या पिशव्या फुगत गेल्या,
आणि आस्गरचे कान वाजू लागले.

आस्गर पहिल्या मजल्यावरचा. सतरा वर्षांचा.
जन्मापासून फुप्फुसात डिंकासारखा कफ.
चिमण्या ऐकू येत नाहीत हल्ली, असं तो सांगतो,
विजेचं बिल भरायचं राहिलं, अशा सुरात.

सिड्सेलचं म्हणणं तेवढंच आहे:
बहिरं करायचंच तर पोराला कशाला?
त्यांना करू.
लसणाच्या पाकळीतून काढलेला एक थेंब,
त्यांच्या कानात बोळा.
विंचू मारायचा नाही, नांगी तेवढी मोडायची.
जगा. खा. पडून राहा कोपऱ्यात.
एकमेकांचं ऐकू नका, बस्स.
पुढचं पांढऱ्या पेशी बघून घेतील,
गल्लीत एकटं सापडलेल्याला कसं गाठायचं
ते त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

बशीत जमलं. हिरवं उमटलंच नाही.
उंदरांत जमलं, बऱ्यापैकी.
बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडून उठून गेली,
सिड्सेलने स्वतःची बोटं हुंगली आणि हसली.

मग आला नमुना चारशे अठरा.
नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा.
तिने थेंब सोडला, रात्रभर उबेत ठेवला.
सकाळी बशी हिरवीगार.
ते आधीच बहिरे होते.
त्याच फुप्फुसात कित्येक वर्षं राहून
ऐकणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.
बोळा कशात घालणार?

नियमावलीतलं कलम तिला तोंडपाठ आहे,
दरवर्षी तीच वाचून दाखवते:
गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा
अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल
आणि तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही.

संध्याकाळी जिन्यात आस्गर भेटतो,
दर चार पायऱ्यांना थांबणारा.
काय म्हणतात माझे भाडेकरू?
काही ऐकतात, ती म्हणते. काही नाही ऐकत.
काय?
तो बरा कान पुढे करतो.
ती पुन्हा सांगते, मोठ्याने, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं.
तो हसतो. हसण्याचा खोकला होतो.
ती त्याची पिशवी घेते, पायरीवर त्याच्याशेजारी बसते.
उद्या चारशे अठराला दुसरं काहीतरी द्यायचं,
भिंतीला धरून बसणारे त्यांचे हात सुटतील असं काही.
काय, ते अजून ठाऊक नाही.
खाली तळघरात कुणाचं तरी यंत्र घुमतंय.
अर्धा तास व्हायचाय अजून.